पोटातल्या जिवाणूंची कुंडली

"डॉक्टर, अँटिबायोटिकसोबत चांगल्या जंतूंची गोळीही लिहा," असं हिंगोलीतले पेशंट आता स्वतःहून सांगतात. ही गोळी म्हणजे प्रोबायोटिक. पण एखादा जंतू चांगला, हे ठरतं कसं?

सुरुवात अंदाजानं झाली. १९०७ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकॉफ यांनी दह्यातले जिवाणू आयुष्य वाढवतात, असं मत मांडलं. आधार होता दही खाणाऱ्या बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा. पुरावा मात्र तोकडा होता.

पुढे जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएतली सगळी माहिती, अक्षरन् अक्षर वाचता येऊ लागली. यालाच सिक्वेन्सिंग म्हणतात. १९९५ मध्ये पहिल्यांदा एका जिवाणूचा संपूर्ण जीनोम वाचला गेला. तो होता रोग पसरवणारा हिमोफिलस इन्फ्लुएंझा. उपयोगी जिवाणूंची पाळी नंतर आली. २००१ मध्ये चीज बनवायला वापरला जाणारा लॅक्टोकोकस आणि २००२ मध्ये आतड्यातला बिफिडोबॅक्टेरियम. आपल्याला न पचणाऱ्या शर्करा तोडणारी अनेक जनुकं बिफिडोबॅक्टेरियममध्ये सापडली.

महाराष्ट्रातही हे काम झालं. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधले डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मेगास्फेरा या जिवाणूच्या दोन नमुन्यांच्या जीनोमचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन निरोगी व्यक्तींच्या शौचातून ते मिळाले होते. आतड्याच्या अस्तराला पोसणारं ब्युटिरेट आणि काही जीवनसत्त्वं तयार करण्याची क्षमता जीनोममध्ये दिसली. प्रयोगशाळेत ती पडताळलीही. पण त्याच जीनोममध्ये अँटिबायोटिकला न जुमानण्याची लक्षणंही आढळली. अशी जनुकं कधीकधी शेजारच्या रोगजंतूंकडे जाऊ शकतात. म्हणून जिवाणू गोळीत भरण्याआधी त्याची कुंडली पाहावी लागते.

तरीही कुंडली म्हणजे फक्त क्षमता. पेशंटला फायदा होतो का, हे माणसांवरच्या चाचण्यांतूनच कळतं, आणि तेही त्या विशिष्ट वाणापुरतं. एकाच नावाच्या जिवाणूचे दोन वाण सारखं काम करतीलच असं नाही.

म्हणून प्रत्येक अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक लागतंच असं नाही. कमी दिवसांचं बाळ, केमोथेरपी चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेले पेशंट यांना तर ते विचारल्याशिवाय देऊच नका. बाकीच्यांनी जेवणात ज्वारीची भाकरी, डाळी, भाज्या आणि ताजं ताक ठेवावं. पोटातल्या जिवाणूंनाही रोजचं जेवण लागतंच.