पाण्याचे सूत्र आणि पन्नास वर्षांचा घोळ

‘ग्रॅमला अणुभाराने भागा, अणूंचे मोल मिळतील’ असे वर्गात सांगून आपण मोकळे होतो. पण हा अणुभार आला कोठून?

9 ग्रॅम पाण्याचे विघटन केले, की सुमारे 1 ग्रॅम हायड्रोजन व 8 ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. तराजू एवढेच सांगतो. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात दोहोंचा एकेक अणू धरावा, असा डाल्टनचा नियम होता. तो मानला तर ऑक्सिजनचा अणुभार 8. (1808 साली खुद्द डाल्टनचा आकडा 7 होता, त्याची मापने कच्ची होती.) अणुभार 16 मानला, तर त्याच 8 ग्रॅममध्ये अर्धाच मोल अणू भरतात आणि प्रमाण होते दोनास एक. म्हणजे सूत्रावाचून अणुभार नाही, अणुभारावाचून सूत्र नाही!

वाट वायूंनी दाखवली. दोन आकारमान हायड्रोजन एक आकारमान ऑक्सिजनशी संयोग पावतो, असे गे-ल्युसॅकला आढळले होते. पण वाफ दोन आकारमान होते. मग ऑक्सिजनचा अणू दुभंगतो की काय? डाल्टनला हे पटेना. दुभंगतो तो रेणू, अणू नव्हे, हे अ‍ॅव्होगाड्रोने 1811 मध्येच सांगितले. आमच्या मते सारी किल्ली येथेच आहे. फारसे कोणी ऐकले नाही.

1860 च्या सप्टेंबरात कार्ल्सरूह येथील परिषदेत कॅनिझारोची पुस्तिका वाटली गेली, तेव्हा कोठे अणुभारांचा गोंधळ निवळू लागला. श्रोत्यांत तरुण मेंडेलिव्ह होता. 1869 मध्ये त्याने मूलद्रव्ये मांडली, ती अणुभारांच्या क्रमाने.