मूळ, उंबरठा आणि वही

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरातली मंडळी निजावयास गेली की जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायका सूप वाजवीत, केरसुणी फिरवीत अलक्ष्मीला बाहेर घालवीत असत. या विधीत एक शहाणपण आहे. अलक्ष्मीला कोणी ठार मारीत नाही. ती उंबरठ्याबाहेर गेली की काम झाले. आणि पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करावयाचे, हेही ठरलेलेच असते. आमच्या आज्यांना केरसुणी हाती घेताच जे कळत होते, ते जगातल्या आरोग्यपंडितांना कळावयास बरीच वर्षे लागली. ही गोष्ट तीन इंग्रजी शब्दांची आहे, आणि तिचा दाखला पाहावयाचा तर हेमलकशाच्या रानात गेले पाहिजे.

हेमलकसा हे गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातले गाव. १९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच मोडे. जवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की गावांचा जगाशी संबंध तुटतो. रानात वस्ती माडिया लोकांची, आणि त्यांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्यांचा बिऱ्हाडकरू म्हणजे हिवताप.

या बिऱ्हाडकरूचे काय करावयाचे? इंग्रजीत याला तीन उत्तरे आहेत: कंट्रोल, एलिमिनेशन आणि इरॅडिकेशन. वरवर पाहता तिन्ही सारखीच, ‘रोग हटविणे’ एवढाच अर्थ. पण मला शब्दांची कुळे धुंडाळण्याचा नाद आहे, आणि या तिघांची कुळे मोठी बोलकी निघाली. इरॅडिकेशनच्या पोटात लॅटिनमधला ‘मूळ’ हा शब्द आहे. म्हणजे ते मुळासकट उपटणे. आपले ‘निर्मूलन’ त्याचेच सख्खे भावंड. एलिमिनेशनमध्ये ‘उंबरठा’ आहे. त्याचा अर्थ उंबरठ्याबाहेर काढणे. आणि कंट्रोल हा तर कारकुनी घराण्यातला! जुन्या फ्रेंच भाषेत हिशेब ताडून पाहण्यासाठी जी दुसरी प्रत ठेवीत, तिच्या नावावरून तो निघाला. आपल्या ‘नियंत्रणा’त लगाम आहे, त्यांच्या कंट्रोलमध्ये वही आहे. मूळ, उंबरठा आणि वही, असे हे तीन निरनिराळे संकल्प. कोणता शब्द निवडला यावरून पैसा किती, माणसे किती आणि काम थांबवावयाचे केव्हा, हे सारे ठरते.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा त्या वेळचा अंदाज होता. १९५३ मध्ये सरकारने मोहीम काढली. तिचे नाव नम्र होते: राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम. घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारावयाचे, भिंतीवर बसलेला डास मारावयाचा. यश असे मिळाले की पाहणारे थक्क झाले. तिकडे १९५५ मध्ये मेक्सिको येथे भरलेल्या जागतिक आरोग्य परिषदेने ‘इरॅडिकेशन’ हा शब्द उचलला होता. १९५८ मध्ये आपणही नाव बदलले. नियंत्रण गेले, निर्मूलन आले.

हा नुसता पाटीवरचा बदल नव्हता. नियंत्रणाला शेवट नसतो. निर्मूलनाला तारीख असते. प्रथम हल्ला, मग स्थैर्य, मग राखण अशा पायऱ्या ठरल्या. दर पंधरा दिवसांनी घरोघर जाऊन तापकऱ्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारे कार्यकर्ते नेमले गेले. १९६५ मध्ये रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास उतरला आणि मृत्यूची नोंद एकही नव्हती. साडेसात कोटींवरून लाख! मग ज्या भागात रोग दिसेनासा झाला तिथली फवारणी थांबली, आणि राखणीचे काम साध्या आरोग्य केंद्रांकडे गेले. ती केंद्रे अनेक ठिकाणी अजून नीट उभीही नव्हती. डीडीटीचा पुरवठा वेळेवर होईना. डासांनाही ते पचू लागले. १९६९ मध्ये जागतिक संघटनेने आपला संकल्प आवरता घेतला. आपल्याकडे १९७६ साली रुग्णांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

‘मूळ’ या शब्दाने फसविले ते असे. मूळ उपटले असे एकदा वाटले की माणूस कुदळ ठेवून घरी जातो.

आता हेमलकशाकडे वळू. १९७३ च्या २३ डिसेंबरला बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथेच संसार मांडला. सन पाहा, म्हणजे योगायोग ध्यानात येईल. देशातला हिवताप पुन्हा उसळू लागला होता, त्याच वर्षांत या रानात पहिल्यांदा डॉक्टर येऊन बसले. ‘निर्मूलना’चा डंका वाजत असताना येथे धड रस्ताही नव्हता. पीक राखावयास माणूस रात्री शेतात निजतो, मग घराच्या भिंतीवरचे औषध त्याच्या काय कामाचे? या रानातला ताप पुष्कळदा फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूत चढणारा. तो झालेल्या मुलाच्या आईला कार्यक्रमाचे नाव काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. डॉक्टर आहे की नाही, एवढेच तिला कळावयाचे असते. त्या डॉक्टर दांपत्याने मोठमोठ्या शब्दांच्या आधी माडिया भाषा शिकून घेतली. शब्द निवडण्याची ही एक निराळीच रीत, आणि मला ती सर्वांत पसंत आहे.

बाबांच्या आयुष्याला ज्या रोगाने वळण दिले, त्याचीही हीच कथा. १९४९ मध्ये वरोड्याजवळ आनंदवन उभे राहिले ते कुष्ठरोग्यांसाठी. सरकारचा कुष्ठरोग कार्यक्रम १९५५ मध्ये ‘नियंत्रणा’चा होता, १९८३ मध्ये तो ‘निर्मूलना’चा झाला. डिसेंबर २००५ मध्ये एलिमिनेशन साधल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ एवढाच होता की दहा हजार लोकांमागे रुग्ण एकाहून कमी झाले. रोग उंबरठ्याच्या एका ठरीव रेषेखाली गेला होता, संपला नव्हता. पण लोकांनी ऐकले ते ‘संपला’. आजही जगातले सर्वाधिक नवे कुष्ठरुग्ण भारतातच सापडतात, वर्षाला सुमारे एक लाख. रोग संपला असे समजून बसलेल्या घरात अंगावरचा बधिर चट्टा दाखवावयास माणूस उशीर करतो, आणि तेवढ्या उशिरात बोटे वाकडी होतात. एका शब्दाची किंमत ती एवढी.

निर्मूलन हा शब्द खोटा आहे असे मात्र कोणी समजू नये. देवीच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला. १९८० मध्ये सारे जग तिच्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. नारूही आपल्या देशातून गेला, २००० साली तसा दाखला मिळाला. पण देवीला माणसावाचून दुसरे घर नव्हते, आणि तिच्यावर पक्की लस होती. हिवतापाला डासाचे पंख आहेत. शब्द रोगाचा स्वभाव पाहून घ्यावा लागतो, आपली हौस पाहून नव्हे.

हिवतापाच्या मोहिमेने पुढे बरेच शब्द बदलले. १९९९ मध्ये ती हिवतापविरोधी झाली, २००३ च्या सुमारास इतर कीटकजन्य रोगांबरोबर पुन्हा ‘नियंत्रणा’त आली, आणि २०१६ मध्ये २०३० ची मुदत घेऊन ‘एलिमिनेशन’ आले. शास्त्रात आता या शब्दांच्या सीमा आखलेल्या आहेत: एखाद्या प्रदेशातला फैलाव थांबला तर एलिमिनेशन, साऱ्या जगातून कायमचा गेला तर इरॅडिकेशन. मराठीत दोघांनाही ‘निर्मूलन’ म्हणण्याची आपली सवय होती. आमच्या आरोग्य खात्याने मात्र पहिल्यासाठी ‘दूरीकरण’ हा शब्द चालविला. कानाला तो थोडा जड लागतो खरा, पण तो प्रामाणिक आहे. दूर केलेली वस्तू परत येऊ शकते, हे तो लपवीत नाही.

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार अजूनही गडचिरोलीवर आहे. तेव्हा मुदतीचे वर्ष येईल, समारंभ होतील, कदाचित आकडाही शून्यावर येईल. त्या दिवशी भामरागडच्या रानात रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारा माणूस कामावरून कमी होऊ नये, एवढेच माझे मागणे आहे. कंट्रोल या शब्दाच्या पोटातली ती जुनी वही त्याच्याच हाती आहे, आणि रोग उंबरठ्याबाहेर गेल्यावरच तिची खरी गरज लागते.