बोट कोणासाठी थांबते? : टपाल-मार्ग आणि जलप्रवासातील जोडवेळ

विमानाने बंदरगावी जाऊन तेथून पर्यटन-जहाजावर चढणाऱ्या प्रवाशाला आज सर्वत्र एकच सल्ला मिळतो : जहाज सुटण्याच्या दिवशी पोहोचू नका, आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. हा सल्ला इतका रास्त आहे की त्याला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शहाण्या माणसाने घ्यावयाची ती साधी खबरदारी, एवढेच त्याचे स्वरूप मानले जाते. तथापि गेल्या दोन शतकांतील प्रवासव्यवस्था तपासली असता असे दिसते की ही खबरदारी नेहमीच प्रवाशाच्या माथी नव्हती. एक दीर्घ काळ असा होता की आगगाडी आणि आगबोट यांचा मेळ घालणे ही राज्ययंत्रणेची जबाबदारी होती, आणि प्रवाशाला तिचा लाभ आपोआप मिळे. तो लाभ त्याला प्रवासी म्हणून मात्र मिळत नव्हता. त्याच्याच गाडीत टपालाच्या थैल्या असत म्हणून तो मिळत होता. दोन प्रवासांच्या मध्ये राखलेल्या अवधीला प्रस्तुत लेखात ‘जोडवेळ’ म्हटले आहे. या जोडवेळेचा भार कोणी वाहिला, एवढ्याच प्रश्नापुरता हा विचार मर्यादित आहे.

प्रारंभ इजिप्तपासून करणे सोयीचे आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि सुमारे महिन्याभराने सुएझला पोहोचली. कोळशाने तिची इतकी जागा अडविली होती की प्रवाशांना फारसा वाव उरला नव्हता. पण तांबड्या समुद्राच्या वाटेने वाफेच्या बळावर जाता येते हे तिने सिद्ध केले. त्यानंतर टॉमस वॅगहॉर्न याने इजिप्तमधून जाणाऱ्या खुष्कीच्या मार्गाचा ध्यास घेतला. या मार्गावर युरोपातून येणारा प्रवासी अलेक्झांड्रियास उतरे, महमुदिया कालव्यातून नाईलपर्यंत जाई, नदीतून कैरो गाठी आणि तेथून सुमारे ८४ मैलांचे वाळवंट घोड्यांच्या गाड्यांतून ओलांडून सुएझला पोहोचे. एका प्रवासात चार वाहने, आणि शेवटी जे जहाज मिळावयाचे ते केव्हा येईल याचा नेम नाही, अशी ही स्थिती होती.

या अनिश्चिततेवर काढलेला उपाय मोठा मार्मिक आहे. कैरो ते सुएझ या वाळवंटी वाटेवर खुणांच्या मनोऱ्यांची एक रांग उभारण्यात आली. सुएझच्या नांगरवाड्यात बोट दिसली की एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर खूण जाई आणि थोड्याच वेळात ती वार्ता कैरोत पोहोचे. तोवर प्रवाशांनी कैरोतील उपाहारगृहांत थांबावे, आणि खूण मिळताच गाड्या जोडून निघावे. सुएझ त्या काळी राहण्यासारखे गाव नव्हते. पिण्याचे पाणीही तेथे बाहेरून आणावे लागे. म्हणून वाट पाहण्याची जागाच मागे सरकविण्यात आली. जोडवेळ कमी झाली नाही, ती अधिक सुसह्य ठिकाणी नेली गेली. पुढे १८५६ मध्ये अलेक्झांड्रिया ते कैरो आणि १८५८ मध्ये कैरो ते सुएझ असा लोहमार्ग पूर्ण झाला, तेव्हा या मनोऱ्यांचे प्रयोजन संपले.

या सर्व खटाटोपाचा खर्च प्रवाशांच्या भाड्यातून निघाला नसता. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे आपल्याकडे ‘पी. अँड ओ.’ या नावाने परिचित असलेल्या कंपनीला १८४० पासून पूर्वेकडील टपालाचे ठेके मिळत गेले, आणि त्या ठेक्यांच्या रकमेवर तिचे वेळापत्रक उभे राहिले. ठेक्याच्या अटी कडक होत्या. उशीर झाल्यास दंड होता, आणि टपाल येऊन पोहोचेपर्यंत जहाज रोखून धरण्याचा अधिकार टपाल-खात्याकडे राखलेला असे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन तरतुदींतच त्या युगाच्या प्रवासव्यवस्थेचे मर्म आहे. जहाजाने वेळ पाळावी. परंतु टपालासाठी मात्र थांबावे. ज्या गाडीत टपाल त्याच गाडीत प्रवासी असल्याने गाडीला उशीर झाला तरी प्रवाशाची बोट चुकत नसे. लंडनहून स्वतंत्रपणे, आपल्या सोयीच्या गाडीने निघालेल्याला हे अभय नव्हते.

टपालाचे हे प्राबल्य कधीकधी हास्यास्पद थरालाही गेले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि जहाजे थेट तांबड्या समुद्रात जाऊ लागली. तरी ब्रिटिश टपाल-खाते आपले टपाल लोहमार्गानेच इजिप्त ओलांडेल असा आग्रह धरून बसले. परिणामी अलेक्झांड्रियास थैल्या उतरवावयाच्या, त्या गाडीने सुएझला न्यावयाच्या, आणि कालव्यातून आलेल्या जहाजावर पुन्हा चढवावयाच्या, असा द्राविडी प्राणायाम काही वर्षे चालला. भारतीय बाजूस मात्र याच सुमारास अधिक विचारी सुधारणा घडली. १८६८ पासून टपालाचे कारकून बोटीवरच पत्रांची विभागणी करू लागले. प्रथम सुएझपासून आणि नंतर एडनपासून मुंबईपर्यंतच्या प्रवासात हे काम चाले. बोट धक्क्याला लागे तेव्हा कलकत्त्याची, मद्रासची, लाहोरची पत्रे वेगळी झालेली असत. शहरातील कचेरीत जाणारा वेळ अशा रीतीने समुद्रावरच भरून काढण्यात आला. ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे मुंबई व कलकत्ता यांचे लोहमार्ग जोडले गेले होते. त्यामुळे या वाचलेल्या वेळाचे मोल एकाएकी वाढले.

युरोपच्या बाजूस माँ सनीचा बोगदा सप्टेंबर १८७१ मध्ये खुला झाला आणि इटलीच्या टाचेवरील ब्रिंडिसी हे भारताच्या टपालाचे बंदर बनले. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या १८७२ मधील कादंबरीचा नायक वृत्तपत्रात छापलेला लंडन ते सुएझ सात दिवस, सुएझ ते मुंबई तेरा दिवस असा हिशेब धरून निघतो. तो कल्पनेचा खेळ नव्हे. ते छापील वेळापत्रक होते. याच नायकाची न्यूयॉर्क येथे बोट पंचेचाळीस मिनिटांनी चुकते, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. ब्रिंडिसीपर्यंत तो टपालाच्या वाटेने जात होता. अमेरिका त्याने हिमवादळातून, मिळेल त्या साधनाने, एकट्याच्या हिमतीवर ओलांडली होती.

ब्रिंडिसीच्या व्यवस्थेची परिणती १८९८ मध्ये झाली. त्या वर्षी कंपनीने ‘आयसिस’ आणि ‘ओसायरिस’ या दोन छोट्या, अतिवेगवान बोटी ब्रिंडिसी व पोर्ट सैद यांच्या दरम्यान घातल्या. मोठे जहाज इंग्लंडहून निघून जिब्राल्टरला वळसा घालून येत असे. ते सुटल्यावर काही दिवसांनी लंडन सोडणारा प्रवासी टपालासह खास गाडीने युरोप ओलांडी, या छोट्या बोटीने भूमध्य समुद्र पार करी आणि पोर्ट सैदला आपल्या मोठ्या जहाजावर चढे. बोट आधी सुटावी आणि प्रवाशाने तिला वाटेत गाठावे, हीच येथे योजना होती. मार्सेय बंदरातही हेच होई, आणि १९१४ नंतर ब्रिंडिसीचे महत्त्व ओसरल्यावर तेच मुख्य स्थान ठरले. जोडवेळेच्या इतिहासात यापेक्षा प्रगल्भ रचना मला आढळत नाही.

मुंबईस या रचनेचे दुसरे टोक होते. बॅलार्ड पियरच्या धक्क्यापर्यंत रूळ आणले गेले, आणि तेथील मोल स्थानकावरून बोटीच्या दिवशी लांब पल्ल्याच्या गाड्या सुटू लागल्या. कलकत्त्याकडे जाणारी इम्पीरियल इंडियन मेल १९२६ मध्ये सुरू झाली. पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल १ सप्टेंबर १९२८ रोजी. बोटीतून उतरावे आणि काही पावलांवर गाडीत बसावे, अशी ही सोय होती. (कोकणच्या बंदरात पडावात बसून भर लाटांत बोट गाठणाऱ्या चाकरमान्याला अशा सुखाची कल्पनाही करता आली नसती. प्रवासी कोण यावर सोय अवलंबून असते, हेही येथे नमूद केले पाहिजे.)

मुंबईहून बोट शनिवारी निघे. चरित्रग्रंथांत विखुरलेल्या तारखा एकत्र केल्यास हे नियमन किती घट्ट होते ते कळते. डॉ. आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीने निघाले तो ४ ऑक्टोबर १९३० हा दिवस शनिवार; ते लंडनला पोहोचले तो १८ ऑक्टोबर, तोही शनिवार. पुढील वर्षी ते ‘मुलतान’ बोटीने १५ ऑगस्टला निघाले, तेव्हाही शनिवारच होता. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९३१ च्या शनिवारी, ‘राजपुताना’ सुटावयाची होती, आणि ती गाठण्यासाठी झालेली धावपळ हे या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण होय.

महात्मा गांधी परिषदेस जाणार की नाही हे ऑगस्टच्या अखेरपर्यंत अनिश्चित होते. सिमल्यास व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्याशी चाललेल्या बोलण्यांतून २७ ऑगस्ट रोजी समझोता झाला. बोट सुटण्यास दोन दिवस उरले होते, आणि मध्ये हिमालयाच्या पायथ्यापासून अरबी समुद्रापर्यंतचे अंतर होते. सिमल्याहून डोंगर उतरून कालकापर्यंत जाण्यास खास गाडी देण्यात आली, आणि तेथून मुंबईची गाडी मिळाली. ही बोट चुकली असती तर काय झाले असते याचा हिशेब करता येतो. गांधीजी ११ सप्टेंबरला मार्सेय येथे उतरून उरलेला प्रवास आगगाडीने करून १२ तारखेस, म्हणजे शनिवारीच, लंडनला पोहोचले. परिषदेच्या समितीचे काम ७ सप्टेंबरलाच सुरू झाले होते, आणि त्यांचे तेथील पहिले भाषण १५ सप्टेंबरला झाले. आठवड्यानंतरच्या टपाल-बोटीने ते १९ तारखेच्या आत पोहोचू शकले नसते. एरवी टपालासाठी राबणारी यंत्रणा येथे एका प्रवाशासाठी राबली. कारण तो लंडनला पोहोचणे त्या घडीला सरकारच्या गरजेचे होते. परतीचा प्रवास अगदी वेगळा आहे. गांधीजींनी ५ डिसेंबरला लंडन सोडले आणि १४ डिसेंबरला ब्रिंडिसी येथे इटालियन कंपनीची ‘पिल्स्ना’ गाठली. मधल्या नऊ दिवसांत पॅरिसमधील सभा, व्हिलनव्ह येथे रोमाँ रोलाँ यांच्याकडील मुक्काम आणि रोमची भेट ही सर्व झाली. इतकी ऐसपैस जोडवेळ त्यांनी स्वतः योजिली होती. तीत घाई नव्हती.

एव्हाना विमान या चित्रात आले होते, आणि तेही प्रथम टपालाच्याच सेवेसाठी. १ मार्च १९२८ पासून फ्रान्स व दक्षिण अमेरिका यांच्यातील फ्रेंच टपाल विमानाने आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाई, तेथून वेगवान बोटी ते ब्राझीलला नेत, आणि पुढे पुन्हा विमान. २२ जुलै १९२९ रोजी ‘ब्रेमेन’ या जर्मन जहाजाच्या छतावरून, न्यूयॉर्क शेकडो किलोमीटर दूर असतानाच, टपालाचे विमान यंत्राने फेकून उडविण्यात आले. त्याच वर्षी ३० मार्चला सुरू झालेल्या लंडन-कराची हवाई सेवेत तर प्रवाशालाही क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमानाने, तेथून जिनोआपर्यंत आगगाडीने, आणि मग समुद्रावरून उडणाऱ्या विमान-नौकेने जावे लागे. या सर्व मार्गांवर प्रत्येक टप्पा पुढच्याची वाट पाहत असे, कारण वेळापत्रक एकाच हाताने लिहिलेले होते.

१९३८ मध्ये साम्राज्यांतर्गत हवाई टपाल-योजना भारतास लागू झाली आणि साधी पत्रेही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. बोटीच्या इतिहासातील हा क्षण जितका मोठा आहे तितका तो अभ्यासकांनी मानलेला नाही. जहाजांचा ऱ्हास जेट विमानांमुळे झाला असे सामान्यतः सांगितले जाते, आणि अटलांटिकवर १९५८ मध्ये विमानप्रवाशांची संख्या बोटप्रवाशांहून अधिक झाली हे खरेच आहे. पण प्रवासी जाण्याच्या वीस वर्षे आधी पत्रे गेली होती, आणि पत्रांबरोबर जहाजाने थांबण्याचे कारणही गेले.

पुढे जहाज पुन्हा उभे राहिले ते सहलीचे साधन म्हणून. डिसेंबर १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ आणि नोव्हेंबर १९७० मध्ये ‘साँग ऑफ नॉर्वे’ ही जहाजे मायामीहून कॅरिबियन समुद्रात फिरू लागली. त्यांचे प्रवासी दूरदूरच्या शहरांतून विमानाने येत. पूर्वी एका ठेक्यात सामावलेला प्रवास आता दोन करारांत विभागला. विमान कंपनीचा करार विमानतळापर्यंतचा, जहाज कंपनीचा धक्क्यापासून पुढचा. मधली जोडवेळ कोणाच्याच करारात नाही. विमानाचे तिकीटही जहाज कंपनीकडूनच घेतले तर ती काही अंशी जबाबदारी पत्करते, एवढाच जुन्या व्यवस्थेचा अवशेष होय. १९९९ च्या माँट्रियल करारान्वये उशिराने झालेल्या नुकसानीची भरपाई विमान कंपनीकडे मागता येते खरी, पण तिला मर्यादा आहे, आणि टाळण्याचे सर्व वाजवी उपाय केले होते असे दाखविल्यास तीही मिळत नाही.

जहाज वाटेत गाठण्याची पोर्ट सैदची युक्तीही आता सर्वत्र चालत नाही. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्याने परदेशी ध्वजाच्या जहाजास त्या देशाच्या दोन बंदरांमध्ये प्रवासी नेण्यास मनाई आहे. सिॲटलहून अलास्काकडे जाऊन परत येणारे जहाज ज्याचे चुकले, तो विमानाने जूनोला जाऊन त्यावर चढू पाहील तर त्याचा प्रवास जूनो ते सिॲटल असा ठरतो, आणि तो निषिद्ध आहे. शिवाय अमेरिकी बंदर सोडण्यापूर्वी साठ मिनिटे प्रवाशांची अंतिम यादी सरकारकडे द्यावी लागते. कप्तानाला दया आली तरी धक्क्यावर धावत आलेल्या माणसाला तो सहजासहजी चढवून घेऊ शकत नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद झाले, तेव्हा ‘सेलेब्रिटी एक्लिप्स’ हे नवे जहाज साउदॅम्प्टनहून बिल्बाओला पाठवून अडकलेल्या दोन हजारांहून अधिक प्रवाशांना घरी आणण्यात आले. विमाने नाहीत म्हणून जहाजाने माणसांसाठी वाट वाकडी केल्याचा हा प्रसंग विरळाच म्हटला पाहिजे.

बॅलार्ड पियरवर सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. मोल स्थानक तेथे आता नाही. पेशावरची गाडी जेथून सुटे त्या धक्क्यावर आजचा प्रवासी विमानतळावरून रस्त्याने येतो, आणि वाटेतील वाहनांच्या गर्दीसाठी किती तास हाताशी ठेवावयाचे हे त्याचे त्याने ठरवावयाचे असते.