वेरूळ मुद्राचित्रसंच
वेरूळच्या लेण्यांच्या चोवीस रंगीत मुद्राचित्रांचा संच. इंग्लिश चित्रकार व मुद्राचित्रकार टॉमस डॅन्येल (१७४९–१८४०) याने तो लंडन येथे १८०३ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ रेखाटने मात्र जेम्स वेल्स (१७४७–९५) या स्कॉटिश चित्रकाराची. संच निघाला तेव्हा वेल्सच्या निधनास आठ वर्षे होत आली होती.

वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने पुण्यात व्यक्तिचित्रे रंगविली. सवाई माधवराव व नाना फडणीस यांची त्याने काढलेली चित्रे सुपरिचित आहेत. त्याचा खरा ओढा लेण्यांकडे होता. टॉमस व त्याचा पुतण्या विल्यम डॅन्येल १७९३ मध्ये मुंबईस आले, तेव्हा या तिघांनी मिळून घारापुरी व आसपासची लेणी पाहिली. डॅन्येल मायदेशी परतले. वेल्सने वेरूळला जाऊन काम केले. पुढे कान्हेरी येथे रेखाटने करीत असता त्याला ताप आला व नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाणे येथे तो मृत्यू पावला. त्याची कन्या सुझाना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये विवाह केला.

डॅन्येलने वेरूळ स्वतः कधीच पाहिले नव्हते. मित्राची रेखाटने हाच त्याचा आधार. ॲक्वाटिंट पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून ती तापवितात. पत्रा अम्लात बुडविला की कणांमधील जागा तेवढी खाल्ली जाते आणि छपाईत जलरंगासारख्या छटा उमटतात. लेण्यांतील काळोख व तोंडाशी येणारा उजेड दाखविण्यास यापेक्षा योग्य तंत्र त्या काळी क्वचितच होते. कैलास लेण्याच्या दृश्यांत हे विशेष जाणवते. मूर्तींचे चेहरे मात्र काहीसे युरोपीय वळणाचे झाले आहेत. मुखपृष्ठावर चित्रे वेल्सच्या रेखाटनांवरून केल्याचे स्पष्ट नमूद आहे. मृत सहकाऱ्याच्या श्रमांवर आपले नाव घालणे त्याला सहज शक्य होते. ते त्याने केले नाही.

हे औदार्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. पुण्याचा गंगाराम तांबट हा वेल्सच्या हाताखाली शिकलेला चित्रकार. मॅलेटसाठी त्यानेही वेरूळची लेणी रेखाटली होती आणि त्याची रेखा जाणती होती. संचाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव आढळत नाही. त्याची रेखाटने अमेरिकेतील न्यू हेवन येथील येल ब्रिटिश कलाकेंद्रात जतन केलेली आहेत.