बाटलीवरचं नाव

मी वाईनचा एक थेंबही कधी चाखलेला नाही. धर्माने मना केलं आहे आणि तो नियम मोडावा असं मला कधी वाटलं नाही. माझ्या गझलांमध्ये साकी येतो, प्याला येतो, पण ते फारसी-उर्दू शायरीतून उसने आणलेले. त्या प्याल्यात कधी काही ओतलेलं नसतं. असा माणूस वाईनबद्दल काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण वाईन चाखण्याच्या एका बैठकीत मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण शुद्धीवर होतो. असा साक्षीदार सहसा मिळत नाही!

माझा एक मित्र दिंडोरी तालुक्यात द्राक्षं पिकवतो. बी.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी कारकुनीला लागलो, तो शेतीकडे वळला. खाण्याच्या द्राक्षांबरोबर त्याने काही एकरांत वाईनची द्राक्षं लावली आणि एका वायनरीशी करार केला. काही वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात खुडा आटोपल्यावर त्याचा फोन आला, "कविराज, शनिवारी मळ्यावर ये. चार चांगल्या बाटल्या जमल्यात. तू पीत नाहीस म्हणूनच तू पाहिजेस. गुणांची वही धरायला प्रामाणिक माणूस लागतो." घरी सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "जा खुशाल, पण वहीच धरा. दुसरं काही धरू नका."

तर मी वही धरली. चारही पांढऱ्या वाईन होत्या. एक मित्र फ्रान्सची बाटली घेऊन आला होता आणि तिची किंमत त्याने दारातच सांगून टाकली होती. दोन बाटल्या विकत आणलेल्या. चौथी आमच्या यजमानाच्या आणि त्याच्या आसपासच्या बागांतल्या द्राक्षांची. त्याच्या मुलाने आत जाऊन बाटल्यांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले, वर सुतळी बांधली आणि आकडे घातले. कुठल्या आकड्यामागे कुठली बाटली, ती चिठ्ठी माझ्या खिशात. पाच चाखणारे, प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे.

चाखण्याची रीत मी त्या दिवशी पाहिली. आधी पेला उजेडात धरून रंग बघायचा. मग पेला हलकेच फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. मग नाक, आणि शेवटी जीभ. जाणकार मंडळी घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात, म्हणजे दहाव्या पेल्यापर्यंत डोकं ठिकाणावर राहतं. आमच्या मित्रांनी ही शेवटची पायरी गाळली. "इतक्या चांगल्या बाटल्या काय थुंकायला आणल्यात?" असा त्यांचा सवाल होता. माझ्या मामांचं अत्तराचं दुकान होतं, म्हणून त्यांनी मला नाकापुरतं परीक्षक केलं. दोन नंबरच्या पेल्याला कच्च्या पेरूचा वास आहे, असं मी म्हणालो आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

गुणांची बेरीज झाली. महागडी फ्रेंच बाटली तिसरी आली. दोन नंबरची दुसरी आली. पण त्या दोन नंबरला सगळ्यांत कमी गुण ज्याने दिले होते, तो होता आमचा यजमान. चिठ्ठी काढून मी वाचलं: दोन नंबर म्हणजे त्याच्याच शिवारातली द्राक्षं. तो आधी मोठ्याने हसला आणि मग बराच वेळ गप्प बसला. "बावीस वर्षं ज्या मातीत राबतोय, तिची चव मला ओळखता येऊ नये?" असं काहीसं पुटपुटला. तेव्हा आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "अहो, पॅरिसमध्ये तर याहून मोठी गंमत झाली होती." ती हकिगत त्या रात्री ऐकली आणि पुढे मिळेल तिथून वाचत गेलो. आज तीच सांगायची आहे.

साल 1976, तारीख 24 मे. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर नावाचा एक इंग्रज वाईनचं दुकान चालवत असे. दुकानाला लागूनच वाईन शिकवण्याची त्याची शाळा होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी दोनशे वर्षं होत होती. स्परिअर आणि त्याची अमेरिकन सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांनी ठरवलं, की या निमित्ताने कॅलिफोर्नियाची वाईन फ्रेंच जाणकारांना चाखायला द्यावी. कॅलिफोर्नियातून फ्रान्सच्या सहलीवर निघालेल्या द्राक्षवाल्यांच्या एका गटाने बाटल्या आपल्या सामानातून आणल्या. एका हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक बसले. त्यांत नामांकित उपाहारगृहांचे मालक होते, बर्गंडीच्या प्रसिद्ध मळ्याचे ओबेर द व्हिलेन होते, फ्रान्सच्या वाईनविषयक नियतकालिकाच्या संपादिका ओदेत कान होत्या. सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या पांढऱ्या वाईन, मग त्याच प्रमाणात तांबड्या. लेबलं झाकलेली. गुण वीसपैकी.

स्परिअरला कुणाचा पाडाव करायचा नव्हता. फ्रेंच बाटल्या त्याने उत्तमातल्या उत्तम निवडल्या होत्या. पाहुण्यांची थोडी वाखाणणी व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा. वार्ताहरांना बोलावणं गेलं होतं, पण निकाल ठरलेलाच आहे अशा समजुतीने कुणी फिरकलं नाही. 'टाइम' साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर तेवढा आला. त्याच्या हातात यादी होती, त्यामुळे कोण काय पितंय हे त्याला कळत होतं आणि पिणाऱ्यांना कळत नव्हतं. माझ्या खिशातली चिठ्ठी आठवते ना? तीच ही गोष्ट.

टेबरने जे ऐकलं, ते त्याने लिहून ठेवलं. पॅरिसच्या एका नामवंत उपाहारगृहाचे रेमाँ ओलिव्हेर यांनी एका पांढऱ्या वाईनचा घोट घेतला आणि 'आता आपण फ्रान्समध्ये परतलो' अशा अर्थाचे उद्गार काढले. पेल्यात होती कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याची वाईन. दुसऱ्या एका परीक्षकाने एक पेला हुंगून सांगितलं, की हिला वासच नाही, ही नक्की कॅलिफोर्नियाची. ती निघाली बर्गंडीच्या मानाच्या मळ्यातली.

पांढऱ्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची 'शातो माँटेलीना', 1973 सालची. पहिल्या चारांत तीन कॅलिफोर्नियाच्या. हा निकाल तिथेच वाचून दाखवला गेला. तांबड्यांच्या वेळी परीक्षक सावध झाले. तरीही पहिली आली नापाचीच, 'स्टॅग्ज लीप वाईन सेलर्स'. बोर्दोची जगप्रसिद्ध 'मूताँ रॉथशिल्ड' एकूण बेरजेत अवघ्या दीड गुणाने दुसरी. ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली, पण स्परिअरने ती दिली नाही. टेबरचा मजकूर 7 जून 1976 च्या अंकात आला. फ्रेंच वृत्तपत्रांनी बराच काळ त्याकडे काणाडोळा केला.

ज्यांनी त्या बाटल्या घडवल्या, ती माणसं कोण होती? माँटेलीनाची वाईन करणारा माइक गर्गिच क्रोएशियातल्या एका खेड्यात जन्मलेला. 1954 साली त्याने देश सोडला आणि जर्मनी, कॅनडा असं करत कॅलिफोर्निया गाठला. स्टॅग्ज लीपचा वॉरेन विनियार्स्की शिकागोच्या विद्यापीठात शिकवत होता. ते सोडून तो मळ्यात आला. दोघांनीही उमेदवारीची काही वर्षं रॉबर्ट माँडाव्हीकडे काढली होती, आणि माँडाव्ही हा इटलीतून आलेल्या कुटुंबातला. लेबल दिसत असतं तर यांतल्या कुणालाही त्या टेबलावर पहिला नंबर मिळाला नसता.

मात्र या गोष्टीचा अतिरेकही करू नये. नऊ माणसं, एक दुपार आणि दीड गुण यांवर जगाचा निवाडा होत नाही, असं पुढे संख्याशास्त्राच्या जाणकारांनी म्हटलं, आणि ते बरोबरच आहे. झाकलेल्या बाटल्यांनीच पुढे जाणकारांचीही फजिती केली. 2001 साली बोर्दोत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्राच्या चौपन्न विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाचा तांबडा रंग मिसळून दिली, तर त्यांनी तांबड्या वाईनचे शब्द वापरून तिचं वर्णन केलं. म्हणजे नाव झाकलं तरी डोळे आहेत आणि डोळ्यांमागे मन आहे. माणूस जिभेने कमी आणि मनाने जास्त चाखतो.

आणखी एक गोष्ट मला माझ्या शेतकरी मित्राने सांगितली, ती पुस्तकांतही सापडली. एकोणिसाव्या शतकात, 1860 नंतर, फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून पोखरल्या. कीड अमेरिकेतून आलेली आणि उपायही अमेरिकेतूनच आला. तिथल्या जंगली द्राक्षाच्या खुंटाला ती कीड मारू शकत नव्हती, म्हणून त्या खुंटावर फ्रेंच वेलींची कलमं बांधली. उलट कॅलिफोर्नियात जी शार्दोने आणि काबर्ने सोव्हिन्यॉन लावली होती, त्या जाती मूळच्या फ्रान्सच्या. तेव्हा 1976 च्या टेबलावर अस्सल कोण आणि परका कोण? मित्र म्हणाला, "पॅरिसचं सोड. आपल्या भागातल्या बागा तरी काय? खाली डॉगरिजचा खुंट आहे, तो अमेरिकेतला. वर कलम आपल्या पसंतीचं." आणि आपण तिला म्हणतो द्राक्षबाग. द्राक्ष शब्द संस्कृत, बाग शब्द फारसी. कलमच बांधलंय की!

हे मी का सांगतोय? माझ्या नावाचं लेबल घेऊन मी मराठीत पस्तीस वर्षं हिंडतो आहे. कविता वाचून झाली, की कुणी तरी येऊन प्रेमाने म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" हेतू वाईट नसतो. पण शेजारी बसलेल्या जोशींना किंवा पाटलांना हे कुणी म्हणत नाही. आमच्या घरात भांडणंसुद्धा मराठीत होतात, हे मी किती जणांना सांगत बसणार? तरुणपणी एका काव्यस्पर्धेत नावं वेगळ्या पाकिटात बंद होती. माझा पहिला क्रमांक आला. पाकीट फोडून नाव वाचताना निवेदक क्षणभर थांबले. टाळ्या भरपूर पडल्या. मला अजून आठवतो तो मात्र तो थांबलेला क्षण.

पण मी स्वतः तरी कुठे सुटलो? पुढे एका स्पर्धेला मी परीक्षक होतो. नावं झाकलेली. एका गझलेत प्याला होता, शमा होती, परवाना होता. मी मनात म्हटलं, हा आपल्याकडचा, उर्दू घोळवलेला मुलगा दिसतो. आणि हात जरा सैल सोडून गुण दिले. पाकीट उघडलं तर ती कोकणातल्या एका शाळेतली तरुण शिक्षिका. रेमाँ ओलिव्हेर यांना मी कुठल्या तोंडाने हसू? 'आता आपण घरी परतलो' हेच मीही म्हणालो होतो.

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. मराठीला उमर खय्यामच्या रुबाया थेट फारसीतून कुणी दिल्या? माधव जूलियन यांनी, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी, 1929 साली. त्याआधी 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला. मराठीत गझल रुजवली तीही त्यांनीच. पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, हाही त्यांच्याच आयुष्याचा भाग. माणूस एका लेबलात मावत नाही, तो असा. आणि 1980 च्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावजवळ शॅम्पेनच्या पद्धतीने जी फसफसणारी वाईन तयार होऊन परदेशी गेली, तिच्या बाटलीवर नाव होतं 'ओमर खय्याम'. द्राक्षं आपल्या मातीतली, तंत्र फ्रान्सचं आणि नाव इराणच्या शायराचं.

मग नावं कायमची झाकून टाकावीत का? मला तसं वाटत नाही. पॅरिसच्या त्या दुपारीनंतर काय झालं पाहा. जी 'मूताँ' दीड गुणाने मागे पडली, तिचे मालक बॅरन फिलिप द रॉथशिल्ड आणि कॅलिफोर्नियाचे रॉबर्ट माँडाव्ही यांनी पुढे नापामध्ये भागीदारीत वाईन केली. तिचं नाव 'ओपस वन'. पहिली वाईन 1979 सालच्या द्राक्षांची. तिच्या लेबलावर दोघांचे चेहरे एकमेकांना पाठ लावून छापलेत आणि खाली दोघांच्या सह्या आहेत. निवाडा करताना नाव झाकावं. सोबत बसताना मात्र नाव उघडं असावं, पूर्ण वाचावं.

त्या रात्री मळ्यावर हेच झालं. गप्प बसलेला माझा मित्र उठला, त्याने दोन नंबरच्या बाटलीची सुतळी सोडली, कागद काढला आणि लेबल मोठ्याने वाचलं. मग लेबलावर जे नव्हतं ते सांगायला लागला. कुठल्या कोपऱ्यातल्या वेली कधी लावल्या, कुठल्या वर्षी गारपिटीने काय नेलं, पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणारी कोणकोणती कुटुंबं आहेत. ऐकता ऐकता सगळ्यांनी पेले पुन्हा पुढे केले. आता गुण द्यायचे नव्हते. ती बाटली आधी संपली. महागड्या फ्रेंच बाटलीत घोटभर उरली होती.

मग मला म्हणाले, "आता तू. पण नाव सांगून वाच." माझ्या हातात द्राक्षाच्या रसाचा पेला होता. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि कविता वाचली. कुणी मराठीचं कौतुक केलं नाही. दुसऱ्या कडव्यात एक शब्द जास्त झालाय, एवढं मित्र म्हणाला. तो शब्द मी तिथेच, गुणांच्या वहीत, काटला.