पिकअपच्या त्याच रिमवर मोठे टायर चालतात का? पैसे मोजण्याआधी हे गणित समजून घ्या

भंडारा जिल्ह्यातलं तुमसर म्हटलं की आधी आठवतो तो धान. मोठी बाजारपेठ, आजूबाजूला राइस मिल, तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मॅंगनीजच्या खाणी. या सगळ्याची ने-आण ट्रक आणि रेल्वे करतातच, पण बांधीपासून मंडीपर्यंतचा पहिला टप्पा बहुतेक वेळा पिकअपच मारते. धानाचे कट्टे, खताची पोती, भाजीपाला, सेंटरिंगचं सामान, लग्नाचा मंडप, सगळं तिच्याच डाल्यात.

पावसाळ्यात या पिकअपची खरी परीक्षा असते. पांदण रस्त्यावर गाडी रुतते, खालून इंजिनचं चेंबर घासतं. मग कुणीतरी सुचवतं, "टायर मोठे टाक, गाडी उचलून येईल. रिम बदलायची गरज नाही." सोशल मीडियावर तशी रील्सही भरपूर आहेत. जाड टायर घातलेली पिकअप चिखलातून आरामात निघते, बघणाऱ्यालाही वाटतं की आपणही टाकून बघावं.

पण चार टायर म्हणजे हजारो रुपयांचा खर्च, आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. भरलेल्या गाडीचं सगळं वजन या चार टायरवरच असतं. म्हणून आधी सगळं नीट समजून घेऊया.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

समजा टायरवर 215/75 आर 15 असं लिहिलंय. बोलेरोसारख्या गाड्यांमुळे हा साइज आपल्याकडे ओळखीचा आहे.

यातला 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या टक्क्यांत. म्हणजे 215 चे 75 टक्के, साधारण 161 मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. आणि 15 म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

आता पूर्ण टायरची उंची काढू. 15 इंच म्हणजे 381 मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवल्या की उत्तर येतं 703.5 मिलिमीटर.

याच 15 इंची रिमवर 235/75 आर 15 टाकला तर? 235 चे 75 टक्के होतात 176 च्या आसपास. एकूण उंची 733.5 मिलिमीटर. म्हणजे टायर 30 मिलिमीटरने, जवळपास 4.3 टक्क्यांनी मोठा झाला.

पण गाडी 30 मिलिमीटर उचलली जात नाही. अ‍ॅक्सल टायरच्या मधोमध असतो, त्यामुळे गाडी फक्त निम्मी, म्हणजे 15 मिलिमीटर वर येते. दीड सेंटिमीटर. रीलमध्ये गाडी हातभर उंच दिसते, त्यात बऱ्याचदा सस्पेन्शनचंही काम केलेलं असतं.

मधला पर्याय 225/75 आर 15 चा. त्याची उंची 718.5 मिलिमीटर, म्हणजे फरक 2.1 टक्के. मूळ व्यासापासून 3 टक्क्यांच्या आत राहा, असा एक ढोबळ नियम जाणकार सांगतात. त्यात हा बसतो, 235 चा बसत नाही.

रिम तीच, मग अडचण कुठे?

रिमचा व्यास जुळला म्हणजे काम झालं, असं नाही. रिमला रुंदीही असते. गॅरेजमध्ये ज्याला आपण डिस्क म्हणतो, तिच्यावर '6 जे' किंवा '5.5 जे' असा शिक्का असतो. ती रुंदी इंचात असते.

प्रत्येक टायरसाठी किती रुंद रिम चालेल हे ठरलेलं असतं. 235/75 आर 15 साठी ती साधारण 6 ते 8 इंच आहे. तुमची रिम साडेपाच इंचाची असेल, तर टायर मशीनवर चढेल, हवाही भरेल, पण तो बरोबर बसला असं होणार नाही.

रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगतो. रस्त्याला फक्त मधला पट्टा टेकतो, तिथेच टायर झिजतो. वळणावर भिंती लवचतात, गाडी डोलल्यासारखी वाटते. वर माल भरलेला असेल तर हे डोलणं धोक्याचं ठरू शकतं.

सगळ्यात महत्त्वाचं: वजन

मालवाहू गाडीसाठी साइजपेक्षाही मोठा मुद्दा आहे लोड इंडेक्सचा. साइजच्या पुढे 100 एस, 105 एस किंवा 110/108 असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला आकडा म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो याचा कोड.

- 100 म्हणजे 800 किलो
- 105 म्हणजे 925 किलो
- 108 म्हणजे 1,000 किलो
- 110 म्हणजे 1,060 किलो
- 112 म्हणजे 1,120 किलो

हे वजन एका टायरचं. 110/108 असे दोन आकडे असतील तर पहिला सिंगल चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी. त्यापुढचं अक्षर वेगमर्यादा सांगतं. उदाहरणार्थ, 'एस' म्हणजे ताशी 180 किलोमीटर.

आता खरी मेख इथे आहे. बाजारात मिळणारा 235/75 आर 15 अनेकदा एसयूव्हीसाठी बनवलेला असतो आणि त्याचा लोड इंडेक्स 105 असतो. पिकअपसाठी बनवलेला लाइट ट्रक टायर साइजने लहान असला तरी त्याचा इंडेक्स जास्त असू शकतो. म्हणजे टायर मोठा झाला, पण ताकद कमी झाली.

एक उदाहरण घेऊ. भरलेल्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवर 2,000 किलो वजन येतंय असं समजा. प्रत्येक टायरला 1,000 किलो पेलायचे आहेत. तिथे 105 चे दोन टायर मिळून 1,850 किलोच पेलतात. गाडीत एकही कट्टा जादा नाही, तरी टायर मात्र ओव्हरलोड. त्यात मे महिन्याचं विदर्भातलं ऊन आणि तापलेला डांबरी रस्ता. वजनाखाली भिंत सतत दबते, टायर गरम होतो आणि फुटतो.

म्हणून टायरवर 'एलटी' किंवा 'सी' ही खूण आहे का ते बघा. 6 पीआर, 8 पीआर हा आकडाही बघा. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचं माप. आत तेवढे थर असतातच असं नाही. नवा टायर मूळ टायरपेक्षा यात कमी असेल तर तो कितीही दणकट दिसला तरी घेऊ नका.

आणि हेही लक्षात ठेवा, मोठा टायर टाकल्याने गाडीची माल वाहण्याची क्षमता वाढत नाही. अ‍ॅक्सल, पाटे, ब्रेक, चासी तेच असतात. 1,300 किलो क्षमतेच्या गाडीत 40 किलोचे 32 कट्टे बसतात. टायर बदलल्यावरही ते 32 च राहतात.

मीटर, मायलेज आणि क्लच

गाडीचा मीटर चाकाच्या फेऱ्यांवरून वेग आणि अंतर काढतो. टायर मोठा झाला हे त्याला कळत नाही. वरच्या उदाहरणात मीटरवर 80 दिसत असताना गाडी खरी 83 च्या पुढे असेल.

अंतराचंही तसंच. गाडी खरी 100 किलोमीटर गेली तर मीटर 96 च दाखवेल. त्यामुळे डिझेलचा हिशेब लावल्यावर मायलेज प्रत्यक्षात पडलंय त्यापेक्षाही जास्त पडल्यासारखं वाटतं. तुम्ही किलोमीटरवर भाडं घेत असाल तर दर 100 किलोमीटरला 4 किलोमीटरचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.

शिवाय चाक जड आणि उंच झाल्याने ते फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो. भरलेली गाडी चढावर उचलताना क्लच जास्त घासतो. ब्रेकवरही भार वाढतो.

चिखलात खरंच फायदा होतो का?

थोडा होतो, पण वाटतो तेवढा नाही. चिखलात कामाला येते ती टायरची नक्षी. खोल आणि मोकळे खाचे असतील तर चिखल बाहेर फेकला जातो. भंडारा जिल्ह्यातल्या कन्हार, मोरांडसारख्या चिकट जमिनीत गुळगुळीत नक्षीचा रुंद टायर दोन फेऱ्यांत चिखलाने लिंपून जातो आणि जागेवरच फिरतो. वर चिखल आणि खाली कडक मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि रुंद टायर वर तरंगतो.

त्यातून बऱ्याच पिकअपची ओढ फक्त मागच्या चाकांना असते. रिकाम्या गाडीत मागे वजन नसतं, म्हणून ती जास्त रुतते. अशा वेळी डाल्यात मागच्या अ‍ॅक्सलवर थोडं वजन ठेवलं आणि मूळ साइजमध्येच खोल नक्षीचे टायर टाकले, तर बराच प्रश्न सुटतो. आणि तोही कमी खर्चात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. नोंदणीच्या अर्जात मालवाहू गाडीच्या टायरची संख्या, वर्णन आणि साइज लिहिलेला असतो, त्यामुळे 'टायरचं काय एवढं' असं म्हणून चालत नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी कलम 182 अ (4) लागतं. त्यात प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मालवाहू गाडीला फिटनेसही काढावं लागतं. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तुमसरच्या एमएच 36 गाड्या भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयाखाली येतात. शंका असेल तर टायर घेण्याआधी तिथेच विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेमच्या वेळी वाद उभा राहू शकतो.

मग करायचं काय?

सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनी मोठा टायर देते का ते बघणं. देत असेल तर त्या व्हेरियंटची रिम तुमच्यासारखीच आहे का, हेही तपासा. मग दुकानात जाताना ही यादी जवळ ठेवा.

1. दरवाज्याजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कोणते साइज दिलेत?
2. रिमवरची रुंदी नव्या टायरला चालते का?
3. लोड इंडेक्स आणि पीआर मूळ टायरइतके किंवा जास्त आहेत का?
4. व्यासातला फरक 3 टक्क्यांच्या आत आहे का?
5. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का? ही चाचणी रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही गाडीवर करा. माल भरल्यावर पाटे दबतात आणि टायर मडगार्डच्या जवळ येतो.
6. स्टेपनी त्याच साइजची आहे का, आणि ती खालच्या जागेत बसते का? एकाच अ‍ॅक्सलवर लहान-मोठे टायर चालवले तर डिफरन्शियलवर ताण येतो.
7. टायरवर आयएसआय खूण आणि तारखेचा कोड आहे का? 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा.

टायर बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. हवा अंदाजाने मारू नका, नव्या साइजला किती भारावर किती हवा लागते हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून विचारा.

या सातपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर समाधानकारक आलं नाही, तर मूळ साइजचेच चांगल्या नक्षीचे टायर घ्या. गाडी रीलमध्ये थोडी कमी रुबाबदार दिसेल, पण धान मंडीत वेळेवर पोहोचेल.