आकडो इलो रे!

तारकर्लीला माझ्या मामाच्या घरी ओसरीच्या खिडकीला एक जुना बटणांचा फोन टांगलेला असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिळ्याला. घरात मोबाईलची रेंज फक्त तिथेच येते म्हणून. हा फोन मामाचा नाही, मामीचाही नाही. तो माझ्या मामेभावाचा, आणि भाऊ वर्षातले सात-आठ महिने एका मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये असतो. म्हणजे फोन तारकर्लीत आणि फोनवाला कधी सिंगापूरजवळ, कधी ब्राझीलच्या वाटेवर.

फोन घरी का? कारण त्याच्यावर ओटीपी येतात.

भावाने जहाजावरच्या इंटरनेटवरून बँकेत लॉगिन केलं की इकडे पिशवी किणकिणते. मामी पदराला हात पुसत येते, चष्मा शोधते आणि वायफायवर चालणाऱ्या दुसऱ्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला सांगते, "आकडो इलो रे, घे लिवन!" मग एकेक करत सहा आकडे. मेसेजच्या शेवटी लिहिलेलं असतं की हा कोड कोणालाही सांगू नका. :-)

मला याची गंमत वाटायची. गेल्या पावसाळ्यापर्यंत.

तर झालं असं, की एका रात्री मामाच्या छातीत दुखायला लागलं आणि त्याला गोव्याला हॉस्पिटलात हलवावं लागलं. मामी अर्थातच बरोबर गेली. पैसे भरायचे होते, ते भावाच्या खात्यात होते, भाऊ हिंदी महासागरात होता आणि फोन तारकर्लीत. बंद घरात, खिळ्याला! पहिला ओटीपी रिकाम्या घरात वाजून गेला. दुसराही. शेवटी शेजारच्या काकांनी मागचं दार उघडून तिसरा वाचून दाखवला. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. मामा आता ठणठणीत आहे, पण तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. एखाद्या माणसाची ओळख त्याच्यापासून हजारो किलोमीटरवर खिडकीला टांगून ठेवायची वेळ आपल्यावर आली कशी?

दोन-तीन शनिवार-रविवार त्यावर वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते हे.

समुद्रावर गेलेल्या माणसाने आपण कोण हे कसं सिद्ध करायचं, हा प्रश्न कोकणाला नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी या किनाऱ्यावर 'कार्ताझ' सक्तीचा केला. कार्ताझ म्हणजे परवाना. जहाज कोणतं, तांडेल कोण, कुठे चाललंय, काय भरलंय हे त्यात लिहिलेलं. तो नसेल तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी हाच खेळ उलटवला आणि आपली 'दस्तकं' घेतल्याशिवाय जहाजांना जाऊ द्यायला नकार दिला. इंग्रजांना ते मानवलं नाही, पण तो वेगळा विषय. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की कागद जहाजाबरोबर जायचा. ज्याला ओळख पटवायची, ओळख त्याच्या कनवटीला.

मग आली तार. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या केबलने एडन आणि सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. आता निरोप जहाजाच्या कितीतरी पुढे पळायला लागला, पण एक नवीन पंचाईत झाली. कागदावर शिक्कामोर्तब करता येतं, तारेवर शिक्का उमटत नाही. 'अमक्याला दहा हजार द्या' ही तार खरंच त्याच बँकेने पाठवली कशावरून? यावर बँकांनी जो उपाय काढला तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. दोन्ही बँकांकडे आकड्यांचे गुप्त तक्ते असायचे. रक्कम, तारीख वगैरेंसाठी तक्त्यातले आकडे घ्यायचे, बेरीज करायची आणि ती तारेत लिहायची. समोरचा तीच बेरीज करून ताळा बघणार. याला 'टेस्ट की' म्हणत. तार गेली, टेलेक्स आला, तरी ही पद्धत टिकली. म्हणजे दर व्यवहाराला बदलणारा आकडा कॉम्प्युटरच्या आधीपासून होता, आणि तोही प्रत्यक्ष रकमेला बांधलेला!

कॉम्प्युटरच्या जगात ही कल्पना लेस्ली लॅम्पोर्टने १९८१ मध्ये एका निबंधात मांडली. गृहीत असं, की लाईनवर कोणीतरी कान लावून बसलंय. मग पासवर्ड एकदाच वापरायचा, चोराच्या हाती लागला तरी तो शिळा. त्यावरून नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर कंपनीने 'एस-की' नावाची पद्धत काढली. त्यात पुढच्या लॉगिनचे पासवर्ड आधीच तयार करून कागदावर छापून घेता यायचे. प्रवासाला निघताना यादी खिशात टाकायची आणि वापरला की खोडायचा. बघा, मूळचा ओटीपीसुद्धा प्रवाशाबरोबर जाणाराच होता. कार्ताझसारखा.

मग तो फोनच्या मेसेजात कसा जाऊन बसला?

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. एसएमएस ही मुळात फोनच्या नेटवर्कमधल्या खुणेच्या वाटेने जाणारी छोटी चिठ्ठी. कॉल जोडण्यासाठी एक्स्चेंज एकमेकांशी जे बोलतात, त्याच वाटेने. म्हणून तर १६० अक्षरांची मर्यादा, आणि देवनागरीत फक्त ७०. ती वाट, म्हणजे एसएस-७ नावाची यंत्रणा, ज्या काळात आखली गेली तेव्हा जगात टेलिफोन कंपन्या मोजक्या होत्या आणि सगळे एकमेकांच्या ओळखीचे. कुलूप लावायचं कोणाला सुचलंच नाही.

आपल्याकडे १८ फेब्रुवारी २००९ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. ऑनलाईन कार्ड वापरताना कार्डावर दिसत नाही अशी आणखी एक माहिती विचारायची, १ ऑगस्ट २००९ पासून. गंमत म्हणजे त्यात ओटीपीच हवा अशी अट नव्हती. सुरुवातीला बँका वेगळा पासवर्डच मागायच्या. पण लोक पासवर्ड विसरतात, मोबाईल विसरत नाहीत, आणि एसएमएस स्वस्त. बघता बघता मोबाईल नंबर म्हणजेच माणूस असं होऊन गेलं. हा निर्णय एका बैठकीत कोणी घेतला नाही. सोय होती म्हणून होत गेलं.

या सोयीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. माणूस घरी आहे, किंवा निदान टॉवरच्या टप्प्यात. तुम्ही परदेशात फोन चालू करता तेव्हा तिथलं नेटवर्क तुमच्या भारतातल्या कंपनीला कळवतं, की तुमचा ग्राहक आमच्याकडे आलाय. ती नोंद इथल्या रजिस्टरात होते. बँकेचा मेसेज आला की कंपनी रजिस्टर बघते आणि तिकडे धाडते. रोमिंग चालू नसेल किंवा दोन कंपन्यांचा करार नसेल, तर नोंदच नाही. मग मेसेज इथेच थांबून राहतो. एसएमएसची रचनाच अशी आहे, माणूस सापडेपर्यंत थांबायचं. ओटीपी मात्र काही मिनिटांत मरतो. भावाने पूर्वी एकदा सिम बरोबर नेऊन पाहिलं होतं. भर समुद्रात टॉवर नाही, आणि बंदर आलं की मेलेले ओटीपी एका रांगेत यायचे. म्हणून खिळा.

परदेशात स्थायिक झालेल्यांची थोडी सोय झाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने दहा देशांतल्या नंबरांवर एनआरआय खात्यांना यूपीआय वापरू द्यायला परवानगी दिली. पण खलाशाला तिकडचा कुठला नंबर असणार? तो कुठल्याच देशात राहत नाही. त्याला इथलाच नंबर जिवंत ठेवावा लागतो आणि रिचार्ज चुकवून चालत नाही, कारण बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते.

आता तुम्ही म्हणाल, गैरसोय असेल पण सुरक्षा तर मिळते? तिथेही घोळ आहे. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी एसएस-७ च्याच वाटेवर लोकांचे ओटीपी वळवून घेतले आणि खाती रिकामी केली. पासवर्ड त्यांनी आधीच चोरले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने एसएमएसच्या कोडला 'जपून वापरा'च्या गटात टाकलं.

आणि उपाय तोवर तयार होता. २०११ मध्येच टीओटीपीचं मानक प्रसिद्ध झालं होतं. तुमच्या फोनमध्ये एक गुपित, बँकेकडे तेच गुपित, आणि दोघांकडे घड्याळ. दोघं स्वतंत्रपणे तोच आकडा काढतात. मेसेज नाही, टॉवर नाही, रोमिंग नाही. भर समुद्रात चालतं. म्हणजे तारेच्या काळातला तक्ताच, फक्त खिशात मावणारा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले, लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. दोन घटकांची तपासणी त्यात कायम आहे, एसएमएसवर बंदीही नाही, पण त्याच्याखेरीज दुसरे मार्ग वापरायला बँकांना वाट मोकळी आहे. सोळा-सतरा वर्षांनी ओळख पुन्हा प्रवाशाच्या खिशात परतू शकते. बँकांनी मनावर घेतलं तर.

तोपर्यंत मामी आहे. खरं सांगू? या सगळ्या यंत्रणेत मला सगळ्यात भरवशाचा भाग तीच वाटते. आकडा सांगायच्या आधी ती विचारते, "जेवलंस काय रे? काय जेवलंस?" उत्तर नीट आलं तरच चष्मा डोळ्यांवर चढतो. टेस्ट की म्हणजे तरी दुसरं काय असतं?

या वेळी निघताना भावाच्या दोन खात्यांना अ‍ॅपवरचा कोड लावून दिला. तिसऱ्याला अजून एसएमएसच लागतो. मामी मला बस स्टँडवर सोडायला मालवणपर्यंत आली, आणि तिकिटाचे सुटे काढायला तिने बटवा उघडला तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीत तो फोन. म्हणाली, गोव्याहून आल्यापासून त्याला एकटा ठेवत नाही.